डावीकडे जाणारे तीर

गुरुवार, २० फेब्रुवारी १९६४

आज दुकानात अमेरिकेहून एक लांबट खोकं आलं. मला वाटलं पडद्यांच्या दांड्या असतील. उघडलं तर आत शिकारीचं धनुष्य! लाकूड असं तुळतुळीत की हात फिरवत राहावंसं वाटतं. सोबत डझनभर तीर आणि एका डबीत नेम धरायची तीन वेगवेगळी साधनं.

आमचे मालक हाजी बू-यूसुफ तरुणपणी मुंबईला खजूर विकायला जात, त्यामुळे त्यांचं हिंदी त्यांच्यापुरतं उत्तम आहे. म्हणाले, "झहूर, अहमदी का तेल कंपनी वाला साहब लोग ये माँगता है. अपना लड़का लोग भी बर में, उधर रेगिस्तान में, खरगोश मारने जाता है. कमान तो बारा मँगाएगा, वो पक्का. लेकिन निशाना लगाने का ये तीन चीज़, इसमें कौन-सा अच्छा? तुम आज़माओ, तुम बोलो."

नऊ वर्षांत या दुकानात मला किंमत सोडून दुसरं काही कुणी विचारलं नव्हतं. मार्चअखेर कळवायचं आहे. मी छाती पुढे काढून हो म्हणालो. डबीत एक छापील पुस्तिकाही होती, ती ड्रॉवरमध्ये टाकली. माल हातात घेतला की मला कळतो, कागद वाचायची गरज पडत नाही.

घरी शहरबानूला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "तुमी कवा तीर मारलात?" एवढंच म्हणाली. बायको लग्नानंतर सहा वर्षं बाणकोटला आणि नवरा कुवेतला असला की तिला नवऱ्याचे गुण माहीत नसतात. इथे येऊन तिला जेमतेम आठ महिने झालेत, कळतील हळूहळू.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

नमाजनंतर एगैलाला गेलो. तिथे हाजींची छोटी बाग आहे, एक विहीर, चार झाडं आणि पुढे वाळूच वाळू. गाडी सिराजनं चालवली. सिराज मुरुडचा, दुकानाची पिकअप चालवतो आणि जीभ पिकअपपेक्षा जोरात चालवतो. तांदळाच्या रिकाम्या पोत्यात भुसा भरून वाळूच्या उंचवट्यासमोर उभं केलं आणि वीस पावलं मोजली.

पहिलं साधन टाचणीचं. धनुष्याच्या अंगाला पितळी पट्टी, त्यावर वरखाली सरकणारी टाचणी. टाचणीचं डोकं निशाणावर आणायचं आणि दोरी सोडायची. पोरखेळ आहे.

सहा तीर मारले. पोत्याला एकही लागला नाही. पण एक गोष्ट लिहून ठेवण्यासारखी आहे. सगळेच्या सगळे तीर डावीकडे गेले, पोत्यापासून चांगले तीन हात. मी म्हटलं, वारा आहे.

सिराजनं बोट ओलं करून वर धरलं. "झहूरभाय, वारा उजवीकडं चाललाय."

मग म्हणाला, डावा डोळा मीट. माझा डावा डोळा एकटा मिटत नाही, उजव्याला बरोबर घेऊन मिटतो. उजवा मात्र एकटा झक्क मिटतो. मी त्याला तेवढं मिटून दाखवलं. तो म्हणाला, त्याचा शिकारीला काय उपयोग नाय, पोरींकडं बघायला हाय.

रविवार, २३ फेब्रुवारी

असमाला शाळेत दाखवायला नेलं. दुकानातून दोन तासांची सुट्टी काढली. पोरगी सहा वर्षांची आहे, हुशार आहे, घरात पाढे म्हणते, म्हणजे म्हणायची. तिथल्या रुकय्या टीचरनी गोड आवाजात विचारलं, "नाव काय तुझं?"

असमा "अ... अ... अ..." एवढ्यावरच अडकली. तोंड लाल झालं, डोळ्यांत पाणी आलं, पण नाव काही बाहेर येईना. मीच सांगितलं. टीचर म्हणाल्या, "तुम्ही नका सांगू."

आता चार एप्रिलला पुन्हा बोलावलंय. तेव्हाही उत्तरं देता आली नाहीत तर यंदा घेता येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. वाईट बोलल्या नाहीत, बाईंचं काही चुकलं नाही. पण वर्षभर पोरगी मिरकाबच्या दोन खोल्यांत बसून काय करणार? त्यापेक्षा बाणकोटला आईकडे राहील, तिथल्या शाळेत जाईल. मी हे बोललो तर शहरबानू म्हणाली, "ती गेली तर मी बी जाईन." आणि आत निघून गेली.

म्हणजे पुन्हा मी, स्टोव्ह आणि महिन्याला एक पत्र. सहा वर्षं काढली तशी. नको वाटतं. खरंच नको वाटतं.

हे अडखळणं रमजानात सुरू झालं. आधी पोरगी बोलायला लागली की थांबवावी लागायची. शहरबानूनं मीठमिरची ओवाळून नजर काढली. मला वाटतं इथल्या पाण्याचा दोष आहे. समुद्राचं पाणी उकळून गोडं केलेलं, गळ्याला कसं मानवणार?

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

दुसरं साधन भोकाचं. दोरीतच एक बारीक कडी ओवलेली असते. दोरी गालापर्यंत ओढली की कडी उजव्या डोळ्यासमोर येते, तिच्यातून बघायचं. मला तिच्यातून नुसता अंधार दिसला. मान थोडी कलती केली तेव्हा दिसलं. अजून कलती केली तेव्हा छान दिसलं आणि मी दोरी सोडली. दोरी नाकावर बसली.

सिराज वाळूत गडबडा लोळला. तीर डावीकडेच गेला होता, हे त्यानं लोळता लोळता सांगितलं. नाकाला हळद लावून लिहितो आहे. हे साधन बाद.

मंगळवार, ३ मार्च

असमाचं अक्षर सुधारतंय, ही एक चांगली बातमी. पोरगी डावरी आहे हे मी शहरबानू आली तेव्हाच पाहिलं होतं, पण आठ महिन्यांपूर्वी पोरीची आणि माझी नवीनच ओळख, म्हणून लगेच बोललो नाही. रमजान लागला तसं मनावर घेतलं. डाव्या हातानं जेवणं बरं नाही, आणि लोक काय म्हणतील? माझी युक्ती साधी आहे. अभ्यासाला आणि जेवायला बसली की तिच्या डाव्या हातावर माझा एक मोजा चढवायचा, मनगटाला रबर लावायचं. मारायचं नाही, ओरडायचं नाही. माझे बाबा असते तर एवढ्यावर थांबले नसते. सात आठवड्यांत पोरगी उजव्या हातानं अलिफपासून सगळं काढते. वाकडं काढते, पण काढते.

बोलणं मात्र अजून तसंच. मोजा घालून वाचायला बसली की जास्तच अडकते. अभ्यासाचा कंटाळा, दुसरं काय!

शहरबानूनं आज दुपारी विचारलं, "चार दिवस मोजा नको घालूया काय?" मी म्हटलं, ऐन परीक्षेच्या तोंडावर शिस्त मोडायची नाही. तिनं माझ्या आईसाठी लिहिलेलं पत्र टपालात टाकायला दिलं. पाकीट चिकटवलेलं होतं. लोणच्याबद्दल असेल.

शुक्रवार, ६ मार्च

आज विजय!

आधी पराभव लिहितो. तिसरं साधन काचेचं. चौकटीत एक तिरपा काचेचा तुकडा, त्यातून निशाण बघायचं. मला दोन पोती दिसली. मी दोन्हींच्या मधोमध मारावं म्हटलं, तर तीर दोन्हींच्या डावीकडे गेला. हेही बाद.

मग डोकं चालवलं. तीर डावीकडे जातात ना? मग टाचणीच डावीकडे न्यायची! शहरबानूची दुपट्ट्याला लावायची लांब पिन मागून घेतली होती. ती पट्टीत आडवी बसवली, डोकं चार बोटं डावीकडे काढलं. थोडं पुढे, थोडं मागे करता करता सातवा तीर पोत्यात! आठवा पोत्यात! पुढच्या बारापैकी नऊ बसले. सिराजनं टाळ्या वाजवल्या, मनापासून. मला इतका आनंद झाला की मी पोत्यालाच मिठी मारली.

हाजींना सांगितलं, टाचणीचंच साधन घ्या, आणि त्यात या गरीबानं केलेली सुधारणा अमेरिकेला कळवा. हाजी खूष. पुढच्या शुक्रवारी पाहुण्यांसमोर दाखव म्हणाले.

शुक्रवार, १३ मार्च

न लिहिलेलं बरं. पण लिहितो.

हाजींचे चार पाहुणे बागेत आले होते. गालिचा अंथरला होता, गावा, म्हणजे अरबांची कॉफी, चालला होता. मी वीस पावलांवरून तीन तीर मारले, तिन्ही पोत्यात. "माशाअल्लाह" झालं. मग हाजींना माझी दया आली. म्हणाले, "झहूर थक गया. यल्ला, बोरी नज़दीक लाओ, उसको आसान करो." सिराजनं पोतं दहा पावलांवर आणून ठेवलं.

दहा पावलांवर आंधळ्यालाही लागावं. मी नेम धरला, सोडला, आणि तीर उजवीकडे गेला. नऊ वर्षांचा डावीकडचा अनुभव असल्यासारखा मी उजव्या बाजूला सिराजला पाण्याचा डबा ठेवू दिला होता. तीर डब्यातून आरपार गेला आणि वीस लिटर गोडं पाणी वाळूत गेलं.

पाहुणे हसले. हाजीही हसले, पण मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "शिकारी आदमी ख़रगोश को बोलेगा क्या, तू बीस क़दम पर खड़ा रह?"

बरोबर आहे. शिकारीचं जनावर पावलं मोजून उभं राहत नाही. एकाच अंतरावर चालणारी सुधारणा म्हणजे सुधारणा नव्हे. हाजी म्हणाले, अजून दोन आठवडे आहेत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

सोमवार, १६ मार्च

शहरबानूचं काहीतरी चाललंय. आज दार वाजलं तर म्हणाली, "भोकातून बघा कोण हाय ते." मी बघितलं, दूधवाला होता. नंतर म्हणाली, "ही सुई ओवा, मना दिसत नाय." तिला कोसावरचं दिसतं. तरी ओवली. मग म्हणाली, "खिडकीला खिळा मारायचाय." मी हातोडी घेतली तर एकदम म्हणाली, "राहू द्या."

"मारू की नको?"

"बघायचं होतं ते बघितलं," म्हणाली, आणि भात टाकायला गेली. बायकांचं कळत नाही.

असमा आज दिवसभर गप्प होती. बोलायचा प्रयत्नच करत नाही आता. पाणी हवं असलं तर पेल्याकडे बोट दाखवते. चार एप्रिलला एकोणीस दिवस उरले.

शुक्रवार, २० मार्च

या वेळी सगळ्यांनाच एगैलाला नेलं. पोरीला जरा हवापालट.

सिराजनं दुकानातून ती पुस्तिका आणली होती. त्याला इंग्रजी येत नाही, पण चित्रं बघितली म्हणे. एका चित्रात माणसानं डाव्या डोळ्यावर पट्टी बांधली आहे. मी म्हटलं, हे तर सोपं आहे. रुमालाची घडी करून डाव्या डोळ्यावर बांधली. पिन काढून टाकली, टाचणी होती तशी सरळ ठेवली.

पहिलाच तीर पोत्यात. वीस पावलांवरून पोत्यात, दहावरून पोत्यात, तीस पावलांवरून पोत्याच्या कडेला. साधनात काही दोष नव्हता! दोष माझ्या डाव्या डोळ्याचा. तो मध्ये मध्ये करत होता. बांधून टाकला, प्रश्न मिटला. डोकं मात्र दुखायला लागलं, डोळ्यांत पाणी येत राहिलं, एक तीर लावायला मला दुप्पट वेळ लागत होता. पण लागत होता.

शहरबानू झाडाखालून बघत होती. मी विचारलं, कसं? असमा उठून जवळ आली. माझ्या रुमालाकडे बघत राहिली. मग तिनं हात लावून बघितला आणि म्हणाली, "बा... बाबा, तुमाला प... प... पण बांधलं? क... कोणी बांधलं?"

चार दिवसांत ती एवढं पहिल्यांदाच बोलली. मला आधी हसू आलं. मी म्हणणार होतो, मीच बांधलं. पण ते तोंडातून निघेना. रुमाल सोडला आणि सिराजला म्हटलं, आज बस.

बुधवार, २५ मार्च

आईचं पत्र आलं. आई सांगते, माझा भाऊ मुस्तफा लिहितो. उतरवून ठेवतो.

"झहूरला दुवा. सुनेनं पुसलं म्हणून सांगते. होय, तू जन्माचा डावरा. तुला आठवत नसणार, पाचाचा होतास. तुझे बाबा तुझा डावा हात काथ्यानं कमरेला बांधीत. सकाळपासून मगरिबपर्यंत. तू उजव्या हातानं लिहायला शिकलास, पण तुझी वाचा गेली. दीड वरीस बोलला नाय. गावात मुका म्हणत. मी रोज नवस बोलले, पण तुझ्या बाबांना एक शब्द बोलले नाय. बोलायला पायजे होतं. पोरीचा हात सोड."

दुकानात उभ्यानं वाचलं. दोनदा वाचलं. दाराच्या भोकाला मी डावा डोळा लावला होता आणि हातोडी डाव्या हातात घेतली होती, ते आता आठवलं. लोक मला लहानपणी "अबोल पोर" म्हणायचे आणि मला ते माझ्या शहाणपणाचं लक्षण वाटायचं.

मग ड्रॉवर उघडला आणि पुस्तिकेचं पहिलं पान वाचलं. साधन निवडण्याआधी कोणता डोळा पुढारी आहे ते बघा, असं लिहिलंय. दोन्ही हातांची खिडकी करून लांबची वस्तू बघायची आणि एकेक डोळा मिटायचा. मी हाजींच्या खुर्चीमागच्या घड्याळाकडे बघितलं. उजवा मिटला तर घड्याळ जागेवर. डावा मिटेना, म्हणून खिडकी एका हातावर सांभाळून दुसरा तळहात ठेवला, तर घड्याळ गायब. बघणारा डोळा डावा, ओढणारा हात उजवा. तीर सरळ जातीलच कसे?

घरी आलो. असमा मोजा घालून बसली होती. रबर काढलं. मनगटावर वळ होता, बारीक, लाल. दहा आठवडे तो रोज तिथे होता आणि मला अक्षर तेवढं दिसत होतं. मी मोजा काढला तर ती घाबरून म्हणाली, "म... मी लिहितेय ना!" मला रडू आलं. पोरीसमोर आलं, आवरलं नाही.

शहरबानू म्हणाली, "जेवायचं उजव्यानं, ते मी शिकवीन तिला, हळूहळू. बाकी तिचं तिला ठरवू द्या." मी मान हलवली. तिला दहा वेळा विचारायला लागलं असतं तरी तिनं विचारलं असतं, हे मला आता कळतंय. माझ्या आईसारखी ती गप्प बसली नाही.

सोमवार, ३० मार्च

हाजींना निकाल दिला. टाचणीचं साधन घ्या, साधं, स्वस्त, कुठल्याही अंतराला सरकवता येतं. कडी आणि काच नको. आणि बारा कमानींपैकी दोन डाव्या हाताच्या मागवा.

"उलटा हाथ से कौन मारता है?" हाजींनी विचारलं.

"मी," मी म्हटलं.

हाजींनी ऑर्डरवर दोन लिहिलं.

असमात पाच दिवसांत फारसा फरक नाही. मला वाटलं होतं मोजा काढला की झऱ्यासारखी बोलेल. तसं नाही. पण पेल्याकडे बोट दाखवणं बंद झालंय, पा... पाणी म्हणते. चार एप्रिलला पाच दिवस उरले.

शनिवार, ४ एप्रिल

रुकय्या टीचरनी विचारलं, "नाव काय तुझं?"

"अ... अ..."

माझी जीभ टाळूला लागली, नाव ओठावर आलं. गिळलं. दोन्ही हात पाठीमागे धरून बसलो. शहरबानूनं माझी बाही घट्ट धरली होती.

"अ..." असमा थांबली. टीचरनी फळ्याकडे बोट केलं. "लिहून दाखवतेस?"

असमानं खडू उचलला, उजव्या हातात. आणि माझ्याकडे बघितलं. मी काय करावं? मी माझा डावा हात मांडीवर उघडा ठेवला. तिनं तो बघितला. खडू दुसऱ्या हातात घेतला आणि फळ्यावर लिहायला लागली. लिहिता लिहिता तोंडानं, खडूच्या चालीनं, "अ-स-मा" म्हणाली. मग "झ-हू-र". मग न विचारता आडनावही, "मा-पा-री" म्हणाली आणि वळून बघितलं, पुढे काही आहे का म्हणून.

वीसपर्यंत अंक म्हणताना सातावर आणि तेरावर अडकली. टीचर थांबल्या. घाई केली नाही. वीसपर्यंत आली. म्हणाल्या, "सोमवारी पाठवा. दप्तरात पाणी द्या."

बाहेर येऊन शहरबानू रस्त्यावरच रडली. मीही. सिराज पिकअपमध्ये थांबला होता, त्याला वाटलं नापास झाली. त्यानंही आधी रडून घेतलं.

रविवार, ५ एप्रिल

हे मी डाव्या हातानं लिहितो आहे. एक ओळ लिहायला पाव तास लागला. हात दुखतो. रेषा सोडून अक्षरं खाली घसरतात. आजवरच्या पानांवर माझं अक्षर चांगलं आहे, ते उजव्या हाताचं. हे कोणाचं आहे मला अजून माहीत नाही.

असमा शेजारी बसून बघते आहे. मघापासून हसू दाबते आहे. आता तिनं वहीवर वाकून बोट ठेवलं आणि एका दमात म्हणाली, "बाबा, हे अक्षर हाय की कोलंबी?"

एकदाही अडकली नाही. तिच्या लक्षातही आलं नाही. मी शहरबानूकडे बघितलंसुद्धा नाही. पेन असमाच्या डाव्या हातात दिलं. म्हटलं, तूच दाखव.